वहीतला ‘फ’

"मास्तर, ही फट कशानं पडते?"

मल्लिनाथ मास्तरांनी स्लाइड चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेली. एक डोळा मिटून जरा वेळ बघितली आणि परत टेबलावर ठेवून दिली.

"कुठली फट?"

प्रश्नाला प्रश्न आलेला अंबरीष होटगीकरला आवडत नसे. तो पोटाच्या विकारांचा डॉक्टर होता. सोलापुरात त्याचं नाव होतं, आणि ते किती मोठं आहे याचा त्याला स्वतःला कधी विसर पडत नसे. पण मास्तरांच्या ओसरीवर आलं की त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागे, आणि ते त्याला मनातून आवडतही असे.

मास्तर डॉक्टर नव्हते. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकोणचाळीस वर्षं माणसांच्या शरीराचे तुकडे कापले होते. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घ्यायचे, रंग द्यायचा. काम एवढंच. पण सूक्ष्मदर्शकात काय बघायचं ते शिकायला भलेभले डॉक्टर त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसत, आणि शिकून झालं की रिपोर्टाखाली स्वतःची सही ठोकत. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. निदान तसं ते दाखवत नसत.

"शाईचे ठिपके दिलेत तिथं," अंबरीष म्हणाला. "पांढऱ्या फटी आहेत. प्रत्येक कापात. मला एवढंच सांगा, चूक कापणाऱ्याची की मेणाची?"

"कापलं कुणी?"

"सुरवसे बाईंनी."

मास्तरांनी स्लाइडची कड बोटानं पुसली. सुरवसे बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. अंबरीषनं एका आठवड्यात तीनदा त्यांना नव्यानं काप काढायला लावले होते, आणि काप फाटतातच कसे म्हणून चारचौघांत बोल लावला होता. बाईंनी उलट उत्तर दिलं नाही. हा स्लाइडांचा खोका एकदा मास्तरांना दाखवा, इतकंच त्या म्हणाल्या.

"आतडं कुणाचं आहे?"

...

"गिरिजाचं."

गिरिजा म्हणजे अंबरीषची धाकटी बहीण. बालवाडीत शिकवायची. तिला क्रोन्स नावाचा आजार होता. यात आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, बरं वाटतं, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तीन वर्षांपूर्वी तिचं दीड फूट आतडं कापून काढलं होतं. या स्लाइडा त्याच तुकड्याच्या होत्या. आता जिथं शिवलं होतं त्याच्याच शेजारी आजारानं पुन्हा तोंड वर काढलं होतं, आणि येत्या गुरुवारी दुसरं ऑपरेशन ठरलं होतं.

ते ऑपरेशन होऊ द्यायचं नाही, असं अंबरीषच्या मनात होतं.

त्यानं ते मास्तरांना समजावून सांगितलं, म्हणजे जवळजवळ भाषणच दिलं. सुजलेल्या आतड्यात नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्यांतून रक्त येतं, रक्ताबरोबर पांढऱ्या पेशींची फौज येते, त्या फौजेनं सूज वाढते, आणि सूज वाढली की आणखी रक्तवाहिन्या उगवतात. हे चक्र तोडायचं. नव्या रक्तवाहिन्या वाढूच न देणारं औषध आहे, दुसऱ्या रोगांत ते वापरतात. ते गिरिजाला द्यायचं. तिच्या सर्जनशी तो पंधरा दिवस भांडत होता. शेवटी कंटाळून ते म्हणाले, तुमची रक्तवाहिन्यांची मोजणी पक्की असेल तर आज पाचपर्यंत कळवा, मी ऑपरेशन पुढं ढकलतो. गिरिजाला विचारलं तर तिचं एकच, दादा म्हणेल तसं.

"किती मोजल्या?" मास्तरांनी विचारलं.

"चारशे बारा. निरोगी आतड्यात असतात त्याच्या अडीचपट."

"आणि फटी?"

"फटी कोण मोजतं मास्तर? फाटलेलं सोडून द्यायचं. वहीत ‘फ’ लिहायचा आणि पुढं जायचं." अंबरीष हसला. "पद्धत तुमचीच आहे."

"होय की. माझीच."

मास्तर एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पेरूच्या झाडावर एक खार वरखाली करत होती, तिच्याकडे त्यांचं फार लक्ष होतं. अंबरीषनं घड्याळ बघितलं. सव्वातीन.

"गिरिजा काय म्हणते?"

"कशाबद्दल?"

"पोटाबद्दल. तिला काय होतं म्हणते?"

अंबरीषनं सांगितलं ते असं, की दुखतं, जुलाब होतात, वजन उतरलंय, आणि पोट फुगतं. मग जरा कौतुकानंच त्यानं पुढं जोडलं की ती स्वतः फुगतं म्हणत नाही, तुंबल्यासारखं वाटतं म्हणते. त्यानं तिला कितीदा समजावलं, तुंबायला ती काय मोरी आहे का, याला सूज म्हणतात. कागदावर त्यानं पोटफुगी असंच लिहिलं होतं.

"तुंबल्यासारखं म्हणते?"

"पेशंटची भाषा, मास्तर."

...

मास्तरांनी पायाखालचं लाकडी स्टूल हातानं पुढं ओढलं आणि त्यावर डावा पाय ठेवला. धोतर गुडघ्यापर्यंत सरकवलं. अंबरीषनं नकळत नजर दुसरीकडे वळवली.

मास्तरांचा डावा पाय हत्तीरोगानं सुजलेला होता. तरुणपणी डास चावून आलेलं ते दुखणं, पन्नास वर्षं तसंच होतं. रुग्णालयात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच त्यावर बोलत नसे. बोलायचं झालंच तर मास्तर नसताना, आणि हसत.

"मघाशी आल्या आल्या पाया पडलात," मास्तर म्हणाले.

"हो."

"एकाच पायाच्या."

अंबरीष ओशाळला. खरं होतं. पंधरा वर्षं तो मास्तरांच्या पाया पडत आला होता, आणि दर वेळी हात उजव्या पायालाच लावून मागं घेत होता. असं करायचं त्यानं कधी ठरवलं नव्हतं.

"आता याला हात लावा."

त्यानं हात लावला. कातडी जाड, खरखरीत आणि कोमट होती. घोट्याच्या जागी घोटाच उरला नव्हता.

"दाबा."

दाबलं. बोट रुतलं नाही.

"यात रक्त येतं का?"

अंबरीषनं सवयीनं पावलावरची नाडी चाचपली. एवढ्या सुजेत ती लागायला वेळ लागला, पण लागली. "येतं. चांगलं येतंय."

"माझ्या जुन्या कागदावर एका डॉक्टरांनी लिहिलंय, पायाचा रक्तपुरवठा उत्तम." मास्तर हसले. "मी तो कागद जपून ठेवलाय. उत्तम म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही या पायाला."

अंबरीषला हसू आलं नाही.

"मग डॉक्टर, रक्त यायचं ते येतंय. तरी पाय असा का?"

याचं उत्तर अंबरीषला झोपेतसुद्धा देता आलं असतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत या प्रश्नाला त्याला वीसपैकी अठरा मिळाले होते. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर पाझरतं. ते गोळा करून परत न्यायला शरीरात दुसऱ्या बारीक नळ्या असतात. लसिकावाहिन्या. डासाच्या चाव्यातून आत गेलेले जंत त्या नळ्यांत घर करतात, नळ्या निकामी होतात, आणि आलेलं पाणी पायातच राहतं. पेशी आणि पेशींचा कचरासुद्धा याच वाटेनं परत जायचा असतो, तोही राहतो.

तो हे सगळं घडाघडा म्हणणार होता. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

...

"मास्तर."

"बघा की. सूक्ष्मदर्शक तिथंच आहे."

मास्तरांचा सूक्ष्मदर्शक पितळी होता, एका डोळ्यानं बघायचा, खाली आरसा असलेला. रुग्णालयानं भंगारात काढलेला तो त्यांनी मागून घेतला होता. अंबरीषनं स्लाइड चढवली, आरसा खिडकीकडे फिरवला, आणि शाईचा पहिला ठिपका शोधला.

गुलाबी-जांभळ्या रंगात फट दिसली. आठवडाभर तो जिच्यावर चिडचिडत होता तीच. पांढरी, वेडीवाकडी, आत काही नाही.

"काय शोधायलाव?"

"फट..."

"कड बघा तिची."

त्यानं भिंग बदललं. स्क्रू केसभर फिरवला. मग अगदी हळू म्हणाला, की कडेला पेशी आहेत. चपट्या, एकापुढं एक, एकच थर.

"फाटक्याला अस्तर कोण लावतं?" मास्तर म्हणाले.

ती फट नव्हतीच, लसिकावाहिनी होती. तिला भिंत होती, अगदी पातळ, जवळजवळ नसल्यासारखी. आणि आतून ती रिकामी होती कारण तिच्यात रक्त नव्हतं. रक्त असतं तर लाल दिसली असती, आणि लाल दिसली असती तर अंबरीषनं मोजली असती.

पुढच्या ठिपक्याला दुसरी. तिची भिंत फुगून वाकलेली. त्याच्या पुढची तिसरी मात्र रिकामी नव्हती. तिच्या तोंडाशी पांढऱ्या पेशींचा गच्च बोळा बसला होता, आणि बोळ्याच्या अलीकडचं सगळं सुजून फोफावलं होतं. चौथी तशीच. सहावी तशीच.

तो मोजत सुटला. मोजता मोजता मोठ्यानं बोलू लागला, ही बघा मास्तर, इथं तोंड बंद आहे, ही अर्धी उघडी आहे, ही नवी उगवतेय की काय, हिला अजून आकारच नाही. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलासारखा तो रंगून गेला होता. अमुक ठिकाणी बोळे जास्त का, जखमेच्या जवळ कमी का, असे प्रश्न एकामागून एक सुचत होते आणि कशाचंच उत्तर त्याला येत नव्हतं. कितीतरी वर्षांनी त्याला असं काही बघायला मिळत होतं जे त्यानं आधी कुठं वाचलेलं नव्हतं. निदान वाचून लक्षात ठेवलेलं नव्हतं.

हे आतडं गिरिजाचं आहे, याचा त्या दहा मिनिटांत त्याला पुरता विसर पडला होता. मग एकदम आठवलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं मान वर केली.

"पण मास्तर, तुम्हीच तर वहीत ‘फ’ लिहायला सुरुवात केली. फट म्हणून."

"फट कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात. आम्ही आलो तेव्हापासून."

"मी फिकट लिहायचो," मास्तर म्हणाले. "फिकट नळी. सगळं लिहायला वहीत जागा नसायची, म्हणून नुसता ‘फ’. डॉक्टरांनी बघाव्यात, विचारावं, म्हणून खूण करून ठेवायचो."

...

"मग कुणी विचारलं नाही?"

"तुम्ही आज विचारलंत."

अंबरीषला त्या वह्या आठवल्या. कपाटभर वह्या, ओळीनं ‘फ’. त्यानं स्वतः त्यांतली कितीतरी पानं उलटली होती, आणि प्रत्येक ‘फ’ला मास्तरांच्या हाताची चूक समजून मोठ्या मनानं माफ केलं होतं.

चार वाजून गेले होते.

त्याच्या डोक्यात आता दुसराच घोळ सुरू झाला. नव्या लाल नळ्या उगवू न देणारं ते औषध, त्याला फिकट नळी आणि लाल नळी यांतला फरक कळेल का? न कळला तर? तुंबलेल्या आतड्यात नवी वाट काढू बघणाऱ्या ज्या दोनचार नळ्या आहेत, त्याही बंद पडतील. उंदरांवरच्या प्रयोगाचं असं काहीतरी त्यानं वर्षभरापूर्वी चाळलं होतं. लसिकावाहिन्या बंद पाडल्यावर उंदरांची आतडी आणखी बिघडली होती. त्याच्या म्हणण्याला ते सोयीचं नव्हतं, म्हणून त्यानं पान उलटलं होतं.

"औषध देऊ नको म्हणता?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारता ओ? मी तुकडे कापणारा माणूस."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

मास्तरांनी धोतर खाली सरकवलं आणि पाय जमिनीवर घेतला. वाट बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, मेण थंड होण्याची, रंग चढण्याची. त्यांना घाई नव्हती. घाई अंबरीषला होती, आणि आता ती घाई कशासाठी हेच त्याला कळेनासं झालं.

त्यानं फोन काढला. सर्जनचा नंबर समोर होता. तो ओलांडून त्यानं गिरिजाला लावला.

"बोल दादा. सांगितलंस का त्यांना?"

"नाही अजून. गिरे, ऐक. मी मोजलं ते बरोबर आहे. चारशे बारा आहेत. पण..."

"पण काय?"

अंबरीषनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर खारीकडे बघत होते.

"पण अर्धंच मोजलं होतं. ते औषध तुला चालेल का, मला माहीत नाही."

फोन कट झाला की काय म्हणून त्यानं कानापासून काढून बघितला.

"गिरे?"

"आहे मी. दादा, हे तू पहिल्यांदाच म्हणालास."

"काय?"

"माहीत नाही म्हणून."

त्यानं तिला सांगितलं की सर्जन म्हणतात तेच बरं, गुरुवारी ऑपरेशन होऊ दे, औषधाचं नंतर बघू, आधी मला पुष्कळ शिकायचंय. आणि तुंबल्यासारखं वाटतं म्हणायचीस ना, ते बरोबर होतं. मी उगाच तुझे शब्द सुधारत बसलो. हे सांगताना त्याचा आवाज डॉक्टरचा राहिला नव्हता.

गिरिजा ऐकत होती. मग ती रडायला लागली.

"मला फार भीती वाटते रे," ती म्हणाली. "मागच्या वेळीपण वाटत होती. तुला सांगायला गेलं की तुझ्याकडं लगेच काहीतरी उत्तर असायचं. टक्केवारी असायची. मग मी गप्प बसायचे."

टक्केवारी त्याला आत्ताही पाठ होती. ती त्यानं गिळली.

"तू काही समजावू नकोस," ती म्हणाली. "नुसता येऊन बस."

तो येतो म्हणाला. फोन ठेवला, सर्जनना लावला, ऑपरेशन ठरल्या दिवशीच होऊ द्या असं दोन वाक्यांत सांगितलं, आणि मी वाद घातला त्याबद्दल माफ करा, असंही. पलीकडच्या माणसाला त्याचं इतकं नवल वाटलं की त्यानं तब्येत बरी आहे ना म्हणून चौकशी केली.

मग अंबरीष स्लाइड काढून खोक्यात ठेवायला वळला. ठेवण्याआधी एकदा, शेवटचं, तो सूक्ष्मदर्शकावर वाकला. ती तिसरी नळी त्याला पुन्हा बघायची होती, बोळा बसलेली.

काहीच दिसेना. गुलाबी, पांढरं, सगळं एकात एक मिसळलेलं. त्यानं स्क्रू पुढं फिरवला, मागं फिरवला. आरसा हलवला. भिंगावर फुंकर मारली.

"मास्तर, याचा फोकस गेलाय."

मास्तर खुर्चीतून उठले. डावा पाय ओढत त्याच्यापाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि न वाकताच म्हणाले,

"फोकस बरोबर आहे. आधी डोळ्यातलं वाहून जाऊ दे."